पाकीट उघडण्याची शपथ

“शपथेत काय आहे, ते आधी दाखवायला सांगा,” मोरिता-सान म्हणाले आणि त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

मोरिता-सान आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे हेड. टोकियोजवळच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी विभागात मी काम करते. परदेशी घरांतून आलेल्या मुलांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. हा अर्ज नव्या ‘सर्कल’चा होता. मुलांचा गट युनिव्हर्सिटीने नोंदवून घेतला की त्याला इथे सर्कल म्हणतात. मग त्याला खोली मिळते आणि एप्रिलमध्ये नव्या मुलांसमोर उभं राहता येतं. नोंदणी नसेल तर कॅम्पसवर साधं पत्रकही वाटता येत नाही.

अर्ज होता राफाएलचा. आईवडील पेरूचे, कारचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत कामाला. तो स्वतः इथेच वाढलेला, थर्ड इयरला. एक्स्चेंजवर सहा महिने अमेरिकेला गेला, तेव्हा तिथल्या लॅटिनो मुलांच्या फ्रॅटर्निटीने त्याला सांभाळून घेतलं. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातला बंधुसंघ. शपथ घेऊन आत जायचं, आणि डिग्री मिळाली तरी नातं सुटत नाही. तिथल्या सीनियर्सनी त्याला सुरुवातीची हकीकत सांगितली होती. कॅम्पसवर लॅटिनो मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक सगळी घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे अडलं तर घरी विचारायची सोय नाही. म्हणून त्यांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं. राफाएलला तेच इथे उभं करायचं होतं.

मोरिता-सानांनी मात्र इंटरनेटवर ‘फ्रॅटर्निटी’ शोधलं होतं. दारू, रॅगिंग, डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं, सगळं बघून झालं होतं.

“आणि उद्देशाच्या रकान्यात काय? ‘एकमेकांची काळजी घेणे.’ ही अ‍ॅक्टिव्हिटी नाही, जोशी-सान. टेनिस ही अ‍ॅक्टिव्हिटी आहे.”

“शुक्रवारी समितीच्या मीटिंगला ठेवू या ना.”

“विचार करून बघतो.”

जपानी ऑफिसात याचा अर्थ ‘नाही’ असा असतो. सात वर्षांत एवढं मला कळलंय. पण राफाएल पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये पास होऊन जाणार होता. हा एप्रिल हुकला तर सर्कल उभं करायला कुणी उरणार नव्हतं. मी मनाशी ठरवलं, शुक्रवारी हा अर्ज टेबलावर जाणार म्हणजे जाणार.

लंचला राफाएलला बोलावलं. “काय रे, शपथ काय आहे तुमची?”

“ती आतली गोष्ट आहे, जोशी-सान.”

“मग सर्कलही आतच राहील. बोल.”

त्याने नाइलाजाने फोन काढला आणि वाचलं, “माझं किंवा माझ्या भावाचं पाकीट मी एका दिवसापेक्षा जास्त बंद राहू देणार नाही.”

“कसलं पाकीट?”

“पत्राचं. ब्रुनोमुळे.”

ब्रुनो मला आठवत होता. ब्राझिलियन घरातला, फुटबॉलच्या जोरावर मुलाखत देऊन आलेला, हसरा. हजेरी कमी पडली म्हणून आमच्या विभागाने त्याला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. सप्टेंबरमध्ये तिसरं पत्र गेलं आणि त्याचं नाव कमी झालं.

“त्याने एकही फोडलं नाही,” राफाएल म्हणाला. “त्याला ऑफिसातली कांजी वाचता येत नाही.” कांजी म्हणजे जपानीतली अवघड चित्राक्षरं.

“काहीतरीच! माझ्यापेक्षा सुंदर जपानी बोलतो तो.”

“बोलतो. पण लहानपणी तीन शाळा बदलल्या, मधली दोन वर्षं शाळेत गेलाच नाही. वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटायची. आणि तुम्ही कुणी विचारलंही नाहीत.”

मी ब्रुनोची फाइल काढली. प्रवेशाच्या वेळच्या फॉर्मवर ‘जपानी भाषा : अडचण नाही’ या चौकटीत खूण होती. खाली तपासणाऱ्याचा शिक्का होता, तो माझा.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मी टोकियोतल्या फुनाबोरीला आले, तेव्हा वॉर्ड ऑफिसची पत्रं दोन महिने फ्रीजवर ठेवली होती. उघडायची भीती वाटायची. शेवटी वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंनी एकेक फोडून समजावून दिली. तीच मी ब्रुनोचं बोलणं ऐकून खूण करून मोकळी झाले होते. मला स्वतःची भयंकर शरम वाटली.

राफाएलकडून अर्ज पुन्हा लिहून घेतला. उद्देश : दर गुरुवारी दुपारी एकत्र बसून आलेली पत्रं उघडणे, वाचणे आणि उत्तर लिहिणे. स्थापनेचं कारण : न वाचलेल्या पत्रांमुळे आमच्या एका मित्राचं नाव कमी झालं. सोबत शपथ जोडली.

मोरिता-सानांनी दोनदा वाचलं. “स्थापनेचं कारण काढून टाका. विभागावर ठपका येतो.”

“विभागावर नाही, माझ्यावर येतो.” मी फाइल उघडून शिक्का दाखवला. “मीटिंगमध्ये मी स्वतः सांगेन.”

“तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय.”

“माहीत आहे.”

अर्ज मी मागे घेतला नाही. मोरिता-सानांनी फाइलीतली ब्रुनोला गेलेल्या पत्राची प्रत पुढे ओढून वाचली.

“या पत्राचा मसुदा माझा आहे,” ते म्हणाले. “रीतीप्रमाणे आधी ऋतूचा नमस्कार, मग विभागाची विनंती. मुद्दा अकराव्या ओळीत येतो.” त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

शुक्रवारी राफाएलला सोबत नेऊन मी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, की बंधुसंघात मुलींनी काय करायचं? “आमच्यात दोघी आहेत,” राफाएल म्हणाला. “पत्रं त्याच जास्त भराभर वाचतात.” अर्ज मंजूर झाला.

पहिल्या गुरुवारी ब्रुनो आला. फॅक्टरीत लागला होता, त्या दिवशी सुट्टी काढून आला. हातात कोंबिनीची, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत सगळी पाकिटं. मी माझा डबा घेऊन कोपऱ्यात बसले होते. मुलं एकेक पाकीट फोडून मोठ्याने वाचत होती. चौथं माझ्याच टेबलावरून ऑक्टोबरमध्ये गेलेलं, सगळ्यांना जाणारं छापील पत्र; मीही ते कधी नीट वाचलं नव्हतं. नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेशासाठी फेब्रुवारीअखेर अर्ज करता येईल, असं त्यात होतं. वीस दिवस बाकी होते.

“म्हणजे मला परत येता येतं?” ब्रुनोने विचारलं. मग पुन्हा तेच विचारलं. तोवर राफाएलने पेन काढलं होतं.

एप्रिलमध्ये ब्रुनो परत आला. माझं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं, वर फॉर्म सुधारायचं काम गळ्यात पडलं. आता त्यावर दोन चौकटी आहेत : बोलता येतं, आणि वाचता येतं. दुसरी चौकट मी विचारून भरत नाही. विभागाचं एक पत्र पुढे ठेवते आणि वाचायला सांगते. छान बोलणाऱ्याला वाचता येतंच, असं कुणी धरून चालू नये. फ्रीजवर पत्रं ठेवणाऱ्या बाईने तर मुळीच नाही.