सुगरतीचे तेवीस दगड

जेवण झाल्यावर मी जरा आडवी होते. पाच वाजता गाडी येणार आहे. नव्याने लागलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं आहे, आणि आजचं शेवटचं भाषण माझं आहे. विषय त्यांनीच दिला: प्रज्ञावान मूल कसं ओळखावं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी असल्या विषयाला अजून मलाच बोलावतात. टिपणाचा कागद माझ्या छातीवर आहे. असं मूल सारखे प्रश्न विचारतं. त्याचा शब्दसंग्रह वयाच्या मानाने मोठा असतो. ते वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करतं. तिसरी ओळ वाचता वाचता अक्षरं पातळ होतात. पंख्याचा आवाज लांब जातो. बाहेर भंगारवाला ओरडतो आहे, मग तोही लांब जातो.

माझ्या पायांना ऊन लागतं. मी शाळेच्या अंगणात उभी आहे. अमरावतीतली माझी खोली कुठे संपली आणि हे मेळघाटातलं अंगण कुठे सुरू झालं ते मला कळत नाही, आणि त्याचं नवलही वाटत नाही. दोन खोल्यांची शाळा, पत्र्याचं छप्पर, मधे झेंड्याचा खांब. खांबाशी एक मुलगी उकिडवी बसली आहे. तिची पाठ माझ्याकडे आहे. फ्रॉकचं मागचं बटण तुटलंय, तिथे बाभळीचा काटा टोचला आहे.

"सुगरती," मी म्हणते.

ती मागे वळत नाही. "थांबा बाई. घंटा होऊ द्या."

सुगरती बेठेकर. मी त्या गावात अकरा वर्षं शिकवलं, आणि ती चौथीत माझ्या वर्गात होती. जाऊन तिला आता बारा वर्षं झाली. हे मला स्वप्नातही माहीत आहे. मी फक्त ते बोलत नाही, ती उठून जाईल या भीतीने.

"तू मराठी कधी शिकलीस?" मी विचारते.

"मी आपल्याच बोलीत बोलतेय. तुम्हालाच कळतंय."

खरंच, ती कोरकूत बोलते आहे, आणि मला शब्द न् शब्द कळतो आहे. अकरा वर्षांत मी कोरकूचे वीसेक शब्द शिकले होते. बस, ऊठ, पाणी आण, गप्प. सगळे हुकमाचे. ती वर्गात कधीच बोलली नाही. हात वर केला नाही. वाचायला उभी केली की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे 'अप्रगत' असं लिहिलं होतं, लाल शाईने.

जेवणाची घंटा होते. कोण वाजवतं ते दिसत नाही. सुगरती खांबाच्या सावलीचं टोक बोटाने दाबून धरते आणि तिथे एक दगड ठेवते. त्याच्या मागे दगडांची रांग आहे. मी मोजत नाही, मला आकडा ठाऊक आहे. तेवीस.

दिवाळीची सुटी संपल्यापासून ती रोज हे करत होती. रविवारीसुद्धा, घंटा नसली तरी अंदाजाने. मला वाटलं खेळतेय. मग एके दिवशी मी जवळ जाऊन पाहिलं. सुरुवातीच्या दगडांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. मग तीन. शेवटचे दोन जवळजवळ चिकटलेले. मी वर्गातल्या रामकलीला बोलावलं. तिला थोडं मराठी यायचं. म्हटलं, हिला विचार काय चाललंय. रामकलीने विचारलं आणि मला सांगितलं, "बाई, ती म्हणते सावली दमली. अजून तेरा दिवस चालन, मग थांबन, मग मागं फिरन."

नऊ वर्षांची पोर. घरी घड्याळ नाही, दिनदर्शिका नाही, शाळेच्या पुस्तकात हा धडा नाही.

"मग तुम्ही झाडायला लावलं," सुगरती आत्ता म्हणते. आवाजात राग नाही. जणू मी विसरले असेन म्हणून आठवण देते आहे.

"दुसऱ्या दिवशी तपासणी होती गं. साहेब येणार होते. अंगणात दगड दिसले असते."

"हो. मीच झाडलं."

ते खरं आहे. खराटा मी तिच्याच हातात दिला होता.

ऊन उतरतं. आम्ही वर्गात आहोत, पण वर्गाला दारं नाहीत. मी टेबलाशी बसून शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे अर्ज भरते आहे. पाच अर्ज. सुगरती शेजारी उभी राहून पाहते आहे. आता ती उंच झाली आहे, साडी नेसली आहे. मी मान खालीच ठेवते. सरपंचाचा मुलगा. दुकानदाराची मुलगी. वनरक्षकाची दोन्ही मुलं. पाचव्या अर्जावर माझं पेन थांबतं. तेव्हाही थांबलं होतं.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला कळलं होतं का? माझं?"

याचं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही. मी लोकांना सांगत आले की तेव्हा आम्हाला काही प्रशिक्षण नव्हतं, भाषेची अडचण होती, असं मूल ओळखायचं कसं हे कोणी शिकवलंच नव्हतं. टाळ्या मिळतात या वाक्याला. आजच्या टिपणातही ते आहे.

"कळलं होतं," मी म्हणते. "बावीस डिसेंबरला मी दिनदर्शिका पाहिली. सगळ्यांत लहान दिवस, दुपारची सावली सगळ्यांत लांब. तुझा हिशेब फक्त एका दिवसाने चुकला होता. अर्ज पाठवायला तेव्हा आणखी चार दिवस बाकी होते."

"मग?"

"पेपर मराठीत असतो, सुगरती. तू नापास झाली असतीस. शाळेचा निकाल खाली आला असता. मला वाटलं, पुढच्या वर्षी हिचं मराठी सुधारेल, मग बघू."

"चौथीनंतर शाळाच नव्हती बाई गावात."

"माहीत होतं."

ती माझ्या हातातला पाचवा अर्ज पाहते. त्यावर पोलीस पाटलाच्या पुतण्याचं नाव आहे. त्या वर्षी पाचांतले तिघे शिष्यवृत्तीधारक झाले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पुढच्या सप्टेंबरात मला जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला.

"तो आता काय करतो?" ती विचारते.

"कोण?"

"हा पाचवा."

"मला माहीत नाही."

खरंच माहीत नाही. मला त्या पाचांपैकी एकाचाही ठावठिकाणा माहीत नाही. सुगरतीचं मात्र सगळं माहीत आहे. आश्रमशाळेत दोन वर्षं, तिथून आजारी पडून परत, पंधराव्या वर्षी लग्न. बाकीचं मला अंगणवाडीच्या मीराताईंनी बसस्टँडवर उभ्या उभ्या सांगितलं होतं. बाळही राहिलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, अरेरे. मग माझी बस लागली.

वर्ग हलतो. बाक समोरासमोर येतात, मधली जागा अरुंद होते, आणि खिडकीबाहेर सागाची झाडं मागे पळू लागतात. आम्ही जीपमध्ये आहोत. घाट आहे. सुगरती समोरच्या सीटवर आडवी आहे, सतरा वर्षांची, आणि दोन्ही हातांनी पोट धरून आहे. माझ्या मांडीवर अजून अर्जांची चळत. ती खाली ठेवायला जागा नाही.

"आता बोलू नकोस," मी म्हणते.

"बोलते. तेव्हा बोलले नाही." तिचं कपाळ घामाने भिजलं आहे, पण आवाज मघासारखाच शांत. "कळ आली की मी वळणं मोजायचे. आधी एका कळेपासून दुसरीपर्यंत अकरा वळणं. मग आठ. मग पाच. त्यातच रक्त सुरू झालं. खाली दवाखान्यापर्यंत किती वळणं उरली ते मला ठाऊक होतं, बाजाराला जायचे ना मी याच रस्त्याने. ते किती वाहतंय तेही दिसत होतं. दोन्ही जुळवून पाहिलं."

"मग?"

"पुरत नव्हतं."

जीप वळते. माझा हात तिच्याकडे जातो, पण पोचत नाही. मधलं अंतर हातभरच आहे.

"कोणाला सांगितलंस?"

"नर्सताईंना सांगितलं. म्हटलं, इथेच थांबवा, काय करायचं ते इथेच करा, खाली पोचणार नाही. वळणंही सांगितली, किती उरली ती. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, काय बडबडतेय ही? तो म्हणाला, दुखतंय तिला, बडबडणारच."

मला तिची माफी मागायची आहे. शब्द तयार आहेत, चांगले आहेत, मी ते अनेकदा मनात म्हटले आहेत. पण आता तोंड उघडते तर मला फक्त ते वीस शब्दच आठवतात. बस. ऊठ. पाणी आण. मी तिला कोरकूत म्हणते, "गप्प." मला ते म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द येत नाही.

ती माझ्याकडे पाहते. हसल्यासारखं करते, वर्गात ओरडा बसला की करायची तसं.

"राहू द्या बाई," ती म्हणते. "तुमच्या वर्गात आणखी कोणी होतं का? माझ्यासारखं?"

"असेल," मी म्हणते. "दुसऱ्या कोणाकडे मी कधी वाकून पाहिलं नाही."

"अकरा वर्षांत?"

"नंतरच्या चौदा वर्षांतही नाही."

ती डोळे मिटते आणि ओठ हलवत मोजू लागते. मी कान देऊन ऐकते. पाच. मग तीन. पुढचं वळण फार तीव्र आहे. जीप कलंडल्यासारखी होते, मी पुढे फेकली जाते आणि माझा डावा गुडघा सीटच्या लोखंडी दांड्यावर जोरात आपटतो. "दोन," असं ती म्हणते, किंवा मीच म्हणते.

पंखा फिरतो आहे. पावणेपाच झाले आहेत. फोन वाजतो. प्रशिक्षणाचे तरुण अधिकारी आहेत, आवाज उत्साही.

"नमस्कार मॅडम, गाडी निघाली बरं का. सगळे वाट पाहतायत तुमची."

"हो," मी म्हणते. "येते."

मी जाईन. टिपणातलं सगळं बोलेन, ते वाक्यही बोलेन, आणि टाळ्या होतील. दुसरं काही बोलायचं धैर्य तिथे उभं राहिल्यावर मला येणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. वीस वर्षांत आलं नाही.

उठायला पाय खाली सोडते तर डावा गुडघा वाकत नाही. साडी वर करून पाहते. गुडघ्यावर बोटभर रुंदीचा आडवा वळ उठला आहे, काळानिळा, मधे कातडी सोलवटून रक्ताचे बारीक थेंब आलेले. मी पलंगाच्या चारी बाजू हाताने चाचपते. पलंग सागवानी आहे. कडा गोल आहेत. लोखंड कुठेच नाही.