सरावाची चाल

मुलीच्या महाडच्या शाळेत मुलांसाठी एक पुरस्कार योजना आली. समाजसेवा करायची, डोंगरात पायी फिरायचं, तंबूत राहायचं, मग पदक. फी आणि बुटांचा खर्च ऐकून बायको म्हणाली, "डोंगर चढायला पैसे कशाला? तो आपल्या दारातच हाय."

तिचं म्हणणं मला पटलं होतं. तरी नोकरीसाठी एकट्याने मुंबईत राहून पोरीला नाही कसं म्हणायचं, म्हणून पैसे भरले. मोहिमेआधी घरच्या मोठ्या माणसाबरोबर चालायचा सराव हवा होता. मी रजेवर घरी आलो, तेव्हा आम्ही दोघं आमच्या वरंध गावाहून घाटाकडे निघालो. एरवी फोनवर आमचं बोलणं अभ्यासापुरतंच असायचं. चढावर दम खायला बसलो, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तिकडे तुम्ही एकटेच जेवता?"

"हो," एवढंच मी म्हणालो. तिने डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातात दिली. मग मी खोलीवरचं, मागच्या आजारपणातलं, बायकोलाही न सांगितलेलं सगळं तिला सांगत गेलो.

ऐन मोहिमेला तिला ताप आला आणि पदक राहिलं. ती खूप रडली. "सगळं फुकट गेलं," बायको म्हणाली. पुढच्या वर्षी नाव घालायचं का, असं शाळेने विचारलं, तेव्हा मुलीच्या आधी मीच हो म्हणालो.