सव्वा इंची

मामा पाइपाला हात लावायचे तो नेहमी उलटा. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तळवा भाजला तर जेवू कशानं?" आणि पुन्हा बॉयलरकडे तोंड. कारखान्यात आलेल्या नव्या माणसाला हा त्यांचा एक विनोद लगेच मिळायचा. दुसरा मिळायला बरीच वर्षं काढावी लागत.

आमचा कारखाना आगरदांड्याजवळ, आंब्याचा रस डबाबंद करणारा. मामा तिथे बॉयलर सांभाळत आणि मी, मूळचा चौलचा, खरेदी बघत असे. त्यांचं घर खाडीपलीकडे दिघीला, धक्क्यापासून पाच मिनिटांवर. मामी दोन वर्षं अंथरुणात होत्या. सून सगळं करायची, पण दुपारचा घास मामी फक्त मामांच्याच हातून घ्यायच्या. त्यामुळे मामा बाराच्या फेरीबोटीने जात आणि दोनपर्यंत परत येत. तेवढा वेळ त्यांचा जोडीदार बॉयलर बघायचा. पंप आपोआप सुरू व्हायचा, आपोआप थांबायचा, त्यामुळे काही अडत नसे.

त्या वर्षी ऐन सिझनच्या तोंडावर पाण्याच्या लाइनीवरचा एनआरव्ही गेला. ही एक झडप असते. पंपाचं पाणी बॉयलरात जाऊ देते आणि पंप थांबला की मिटते, म्हणजे आतलं उकळतं पाणी उलटं येत नाही. मामांनी टाकीत काठी घालून, घड्याळ लावून, बॉयलर तासाला किती पाणी पितो ते मोजलं आणि माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'सव्वा इंची.'

मी हसलो. "मामा, पाइप दोन इंची आहे."

"पायपाला काय इचारता? पाण्याला इचारा. पायप टाकनाऱ्यानं हाताला आला तो टाकलाय. पानी तेवढं जातंच न्हाय."

"मोठा घेतला तर बिघडलं कुठे?"

"भाऊ, सहा नंबरच्या पायात धा नंबरची चप्पल घाला नि चाला. फटफट वाजंल. झडप पुरती उघडायची न्हाय, आपटत ऱ्हाईल. मग झिजंल."

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. त्यांचं बरोबर असतं, पण ते दोनदा सांगत नाहीत. मालकांच्या मुंबईच्या इंजिनियरने फोनवर सांगितलं, लाइनीच्या मापाचा घ्या. मी दोन इंची मागवला. मामांनी तो मुकाट्याने बसवला.

पहिल्याच दिवसापासून टकटक सुरू झाली. माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायची. पाच-सहा दिवसांनी तिची सवय झाली. तिसऱ्या आठवड्यात झडप मिटेनाशी झाली आणि पंपाकडचा पाइप चटके देऊ लागला. आता पंप हाताने चालवायचा आणि थांबवला की लगेच पुढच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवून लाइन बंद करायची. त्यासाठी एक माणूस कायम चाकाशी हवा. जोडीदाराला सरपण टाकायचं, राख ओढायची. चाकाशी मामाच.

दुपारचं घरी जाणं बंद झालं.

मालक म्हणाले, सिझन उरकू द्या, मग बघू. मी बरं म्हणालो. दुसरा मागवायला हवा होता. त्यासाठी आधी पहिला चुकला असं लिहावं लागलं असतं, आणि ते मी लिहिलं नाही. मामा एकदाच, डबा खाताना, "ती दुपारचं तोंड मिटूनच घेते, सून सांगत होती," एवढं बोलले. मी मान हलवली आणि माझ्या पोळीचा तुकडा मोडला.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मी बॉयलरपाशी होतो. मामांचा फोन वाजला. "भाऊ, तुमी उचला. माजा हात चाकावर हाय."

सून होती. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामी गेल्या." त्यांनी चाक पुरतं आवळलं, उलटा हात लावून पाइप पाहिला आणि विचारलं, "बोट कितीची हाय आता?"

त्यांना धक्क्यावर सोडून मी परत आलो आणि सव्वा इंचीची ऑर्डर लिहिली. कुणालाही विचारलं नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आपल्याला रडू येईल असं मला वाटत होतं. आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

कार्य उरकून मामा आले तेव्हा व्हॉल्व्ह येऊन पडला होता. दोन्ही बाजूंना, दोन इंची पाइप सव्वा इंचीला जोडणारे रिड्यूसर लावून त्यांनीच तो बसवला. टकटक थांबली. पंप थांबला की झडप मिटायची, पंपाकडचा पाइप गार राहायचा. मालक येऊन पाहून गेले आणि जाताना म्हणाले, "मामा, आता दुपारी जायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा बाराच्या बोटीला जाऊ लागले. मला बरं वाटलं. घरी सून आहे, नातवंडं आहेत, चार घास खात असतील. चार-पाच दिवसांनी कागदपत्रं घेऊन मी दिघीला निघालो तेव्हा बोटीत माझ्या शेजारी मामाच होते. पलीकडे बोट लागली. मोटारसायकली उतरल्या, माणसं उतरली. मामा कठड्याला टेकून तसेच उभे.

"मामा, आलं दिघी. चला."

"तुमी जावा," ते म्हणाले. "मी ह्याच बोटीनं परत जातो. रोजच जातो."