डोंबिवलीहून ठाण्याला, मुक्कामी

लोक डोंबिवलीहून ठाण्याला डॉक्टरकडे जातात, लग्नाला जातात, साड्या बदलून आणायला जातात. सामान बांधून मुक्कामाला कुणी गेलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. आम्ही गेलो. हौसेने नव्हे, नाइलाजाने.

आमची दोन्ही मुलं मोठी. मुग्धा पुण्यात असते, आयटीतली नोकरी सोडून लहान मुलांना मातीची भांडी करायला शिकवते. धाकटा ओजस बंगळुरूला, अजून आयटीतच. दिवाळीत मावशीकडे फराळाला गेलो असताना कुणीतरी विचारलं, "मुग्धा काय करते हल्ली?" तर हे चिरंजीव म्हणाले, "काही नाही, रिकामीच आहे." त्या दिवसापासून बाईसाहेब भावाशी बोलेनाशा झाल्या. मग त्यालाही अहंकार आला. घरच्या ग्रुपचं नाव 'आपण चौघं' आणि त्यात माणसं तीन, असं चाललेलं.

मार्चमध्ये ओजस कामासाठी मुंबईत येणार होता आणि शनिवार-रविवार मोकळा होता. मी मुग्धालाही बोलावलं. तिने विचारलं, ओजस येणार का, तर "नक्की नाही गं त्याचं," मी म्हणाले. ओजसलाही तेच सांगितलं. आता दोघांना घरी ठेवावं, तर एक बेडरूममध्ये दार लावून बसणार, दुसरा हॉलमध्ये कानात बोळे घालून. लांब कुठे जावं, तर निम्मा वेळ प्रवासात. म्हणून मी नवऱ्याला, श्रीकांतला म्हटलं, "ठाण्यात एक फॅमिली रूम घेऊ. एक गाडी, एक खोली. पळून जातील कुठे?"

श्रीकांत आणि मी एकाच कॉलनीत वाढलो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरेच आहे. तो म्हणाला, "अगं, ठाण्यात बघायचं काय दोन दिवस?"

"एकमेकांची तोंडं," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी दोघं आमच्याच सोफ्यावर समोरासमोर आले. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताबडतोब डबा भरायला आत गेले.

जाणाऱ्यांसाठी माहिती: डोंबिवली पश्चिमेहून खाडीवरच्या नव्या पुलाने माणकोलीला निघायचं आणि नाशिक हायवे धरायचा. पुलावरून खाडी सुंदर दिसते, सकाळी बगळे असतात. पुढे ट्रकच ट्रक. आम्हाला बगळे नीट दिसले, कारण गाडीत बोलणं नव्हतंच. मागे दोघांच्या मधे मी माझी पर्स ठेवली होती, ती दोघांनी मिळून सीमारेषा ठरवली.

माजिवड्याला मात्र खरी गंमत झाली. तिथे पुलांवर पूल आहेत, शिवाय मेट्रोचे खांब. हॉटेल कोपऱ्यावरच होतं, पण नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर यावर मतभेद.

"बाबा, खालून घ्या," मुग्धा म्हणाली.

"आई, बाबांना सांग, वरून जायचंय," ओजस म्हणाला.

"आई, ज्यांना सांगायचंय त्यांना सांग, की मी इथे चार वर्षं नोकरी केलीये."

"आई, ज्यांनी नोकरी केलीये त्यांना सांग, की तेव्हा हा पूल नव्हता."

मी कुणाला काय सांगायचं हे ठरवेपर्यंत श्रीकांतने पूल घेतला. हॉटेल दिसलं, आमच्या बरोबर खाली. दारात उभा असलेला गणवेशातला माणूसही दिसला. आम्ही त्याच्या डोक्यावरून मुलुंडच्या दिशेने गेलो. बऱ्याच पुढे जाऊन वळून आलो, तर यावेळी दुसऱ्या पुलावरून, दुसऱ्या बाजूने, पुन्हा त्याच्याच डोक्यावरून. श्रीकांतने काच खाली करून त्याला हात केला. त्यानेही केला. तिसऱ्या खेपेला पोचलो तेव्हा तो म्हणाला, "या साहेब, तुमचीच वाट बघत होतो."

रिसेप्शनवर टाय लावलेला एक मॅनेजर होता. त्याने आमची आधार कार्डं घेतली, एकेक उलटसुलट केलं आणि परत काउंटरवर ठेवली.

"सर, सगळे डोंबिवलीचे? लोकल आयडीवर आम्ही रूम देत नाही."

"डोंबिवली लोकल कुठे? ते वेगळं शहर आहे," श्रीकांत म्हणाला. एरवी हाच माणूस पाहुण्यांना 'आम्ही ठाण्याच्या बाजूलाच' म्हणून सांगतो.

"सर, जिल्हा ठाणेच लिहिलंय. आणि राग मानू नका, पण घर एवढं जवळ असताना तुम्हाला खोली कशाला हवीये?"

प्रश्न रास्त होता. मी काहीतरी पाणी-बिणी गेल्याचं सांगणार होते. पण श्रीकांतला सकाळपासून चहा मिळाला नव्हता, आणि दोन वेळा पूल चढला होता. त्याने काउंटरवर हात आपटला.

"कारण घरी ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत! दिवाळीपासून! सख्खी भावंडं आहेत हो. घरात खोल्या तीन आहेत, एकेक जण एकेकीत जाऊन बसतो. मला एक खोली हवीये. एकच. जिला आतून दुसरं दार नाही!"

लॉबीतली माणसं आमच्याकडे वळली. बॅगा उचलणारे थांबले. मुग्धाने कुंडीतल्या झाडाकडे बघायला सुरुवात केली, ते प्लास्टिकचं होतं. ओजसचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. आणि माझ्या लक्षात आलं की श्रीकांतचे डोळे भरून आलेत. मला वाटत होतं हा अबोला मलाच एकटीला टोचतोय. हा तर नुसता पेपर वाचत बसायचा.

मॅनेजरने टाय सैल केला. "माझा मोठा भाऊ इथेच खोपटला राहतो," तो हळूच म्हणाला, "आमचंही बोलणं बंदच आहे." मग मालकाला फोन लावून बराच वेळ बोलला, आणि आम्हाला किल्ली दिली. "बाथरूमला दार आहे सर. तेवढं चालवून घ्या."

खोली स्वच्छ होती. एक डबल बेड, दोन घडीच्या खाटा. शनिवार-रविवारीही भाडं लोणावळ्याच्या निम्म्याने. मात्र खाटा एकमेकींना चिकटल्याशिवाय मावत नाहीत, आणि त्या घडी होऊन माणसाला आत घेऊ शकतात. ओजसला घेतलं. मुग्धा हसली, पण लगेच खोकल्यासारखं केलं.

दुपारी मिसळ खाल्ली. ठाण्याच्या मिसळीबद्दल मी काय लिहू, नुसतं 'मध्यम' सांगितलं तरी डोकं घामाने भिजतं. ताक सोबत मागवाच. खाताना ओजसने न विचारता मुग्धाच्या ताटलीत स्वतःचा एक पाव ठेवला. तिने तो खाल्ला. बोलले कुणीच नाहीत, पण मी टेबलाखालून श्रीकांतला लाथ मारली. "आता मी काय केलं?" तो ओरडला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तलावपाळीला गेलो. शनिवारी इथे आख्खं ठाणं येऊन बसतं. गाडी लांब लावा आणि चालत या. आम्ही पायाने मारायची बोट घेतली, हंसाच्या आकाराची. मी मुद्दाम मुलांना पुढे बसवलं. पॅडल दोघांना, दिशा वळवायचा दांडा मात्र मधे एकच. म्हणजे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच.

मुग्धाने दांडा डावीकडे ओढला. ओजसने उजवीकडे. दोघंही सरळ समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही, हात मात्र रस्सीखेचीत. हंस जागच्या जागी फिरायला लागला. मला आधी देऊळ दिसलं, मग भेळेच्या गाड्या, मग पुन्हा देऊळ.

"अहो हंसवाले! मधे जाऊ नका!" काठावरून बोटवाला शिट्टी फुंकत होता. मधे कारंजं होतं. आणि ते त्याच क्षणी चालू झालं.

फिरत फिरत हंस सरळ त्याच्याखाली गेला. चौघंही नखशिखान्त भिजलो. श्रीकांतचा चष्मा वाहून माझ्या ओटीत आला. मी देवाचं नाव घेत होते, आणि त्या गोंधळात पुढून आवाज आला:

"अगं ताई, सोड ना दांडा!"

"तू सोड आधी, ओज्या!"

"तुला कधीपासून चालवता येते बोट?"

"तुला येते? तू तर पोहायच्या क्लासला रडायचास!"

"मी नाही, तू रडायचीस!"

"आई, कोण रडायचं सांग याला!"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. माझं काम संपलं होतं.

शेवटी बोटवाल्याचा माणूस दुसरी बोट घेऊन आला आणि आम्हाला दोरीने बांधून काठावर आणलं. कट्ट्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी विचारलं, "कुठून आलात?" श्रीकांत ताठ मानेने म्हणाला, "पुण्याहून."

मग आम्ही कट्ट्यावर वाळत बसलो. मुग्धाने ओढणी पिळली. ओजस बुटातलं पाणी ओतत म्हणाला, "ताई, तेव्हा मी जे बोललो ना... तू सोडलीस नोकरी. मला सोडावीशी वाटते आणि धीर होत नाही. म्हणून तसं बोलून गेलो. घाण बोललो."

मुग्धाने ओढणी पुन्हा एकदा पिळली. मी गाडीवरच्या कणसांकडे एकटक बघत होते, जणू मला त्यावर परीक्षा द्यायचीये.

"चार लोकांत बोललास रे," ती म्हणाली. "मावशीसमोर. तिने लगेच मला तीन स्थळं सांगितली."

"तीन?"

"एकाचं तर टायरचं दुकान होतं."

ओजस हसायला लागला, मग ती, मग थांबेचनात. श्रीकांतने विचारलं, "शेवपुरी कोण कोण खाणार?" आणि तो विषय तिथेच संपला.

रविवारी सकाळी उपवन तलावाला फेरी मारली. सात-साडेसातला गेलात तर डोंगराकडून गार वारा येतो आणि कट्ट्यावर जागा मिळते. पोहे खाल्ले, चहा दोनदा घेतला. पुढे येऊरच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं, पण दोघं कट्ट्यावर बसून ओजसने नोकरी सोडून काय करावं यावर इतके बडबडत होते, की उठवावंसं वाटलं नाही. निघताना मॅनेजर म्हणाला, "काका, खोली बरी होती ना?" श्रीकांतने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला आणि म्हणाला, "खोपटला जाऊन या एकदा."

परत येताना आम्ही शिळफाट्यावरून आलो. येऊ नका, धूळ फार.

खरं सांगायचं तर ठाणं आम्ही काही पाहिलं नाही. एक तलाव आतून, एक बाहेरून, आणि एक हॉटेल दोन वेळा वरून. तरी कुणी विचारलं तर मी हीच सहल सुचवेन.

घरी आल्यावर मी आडवी झाले. मुलं सोमवारी पहाटे निघणार होती. डोळा लागतोय तोच हॉलमधून आवाज चढला. एसी कितीवर ठेवायचा यावरून जुंपली होती. शाळेतली भांडणंही निघाली, कुणाची सायकल कुणी मोडली वगैरे. एक उशी भिंतीवर आपटली. श्रीकांत पेपर तोंडावर घेऊन पडला होता, पेपर हलत होता.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू काळजीने दारात उभ्या.

"अगं, खूप आवाज येतोय. सगळं ठीक आहे ना?"

"अगदी मस्त आहे," मी म्हटलं. "मुलं भांडतायत. या ना आत, चहा टाकते."