रॉकेलबाईंचा राग

आमच्या अध्यापक विद्यालयात बालविकास शिकवणाऱ्या बाईंना आधीच्या तुकडीने 'रॉकेल' असं नाव ठेवलं होतं. काडी लागायचा अवकाश. कुणी निबंधात 'लहान मूल म्हणजे मातीचा गोळा' असं लिहिलं की त्या समासात लाल शाईने 'गोळा तू!' असं लिहून वही परत करायच्या. बेताची उंची, करकचून बांधलेले केस, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. मूल मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, 'माझं' म्हणायला कधी लागतं, पहिलं खोटं कधी बोलतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. सत्तावीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या. त्यांच्या रागाची आम्हाला गंमत वाटायची. एका दुपारी तो माझ्यावर आला आणि गंमत संपली.

विद्यालयाचीच एक प्राथमिक शाळा होती, मैदानापलीकडे. आम्ही सकाळी तिथे जाऊन मागच्या बाकावर बसायचं, मुलांचं निरीक्षण लिहायचं आणि दुपारी येऊन बाईंना सांगायचं, असा क्रम होता. त्या दिवशी मी सगळ्यात आधी हात वर केला.

"बाई, आज पहिलीच्या वर्गात धमाल झाली! चाचणी चालू होती. एक मुलगी सारखी 'जाऊ का, जाऊ का' करत होती. वर्गशिक्षिका होत्याच, शिवाय मुख्याध्यापिका पर्यवेक्षणाला होत्या. त्या म्हणाल्या, आधी पेपर पूर्ण कर. तर तिने बाकावरच केली! मग तिलाच फडकं दिलं आणि पुसायला लावलं. मधल्या सुट्टीपर्यंत तशीच ओल्या फ्रॉकमध्ये दाराबाहेर उभी."

वर्ग खो खो हसला. मीही हसले.

बाईंनी विचारलं, "वय?"

"सव्वापाच असेल."

"किती वेळ बसवलं होतं?"

"पाऊण तास."

"आणि तू काय करत होतीस?"

"निरीक्षण लिहीत होते, बाई."

"आण."

मी वही नेऊन दिली. त्यांनी मोठ्याने वाचलं, "विद्यार्थिनी भावनिकदृष्ट्या अपरिपक्व आहे. स्वयंनियंत्रणाचा अभाव."

"स्वयंनियंत्रणाचा अभाव," त्या पुन्हा म्हणाल्या. "त्या खोलीत तीन बायका. एक हुकूम सोडतेय, एक वर्गशिक्षिका गप्प बसलीये, एक वहीत लिहितेय. आणि सव्वापाच वर्षांचं पोर स्वतःची लाज स्वतः पुसतंय. अभाव कुणात आहे गं? चल माझ्याबरोबर."

भर उन्हात मैदान ओलांडून त्या निघाल्या. मी मागे, पाचावर धारण बसलेली.

मुख्याध्यापिका म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. बालविकासात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, तसे नंतर कुणालाच मिळाले नाहीत. बाईंना दारात बघून ती खुर्चीवरून उठली. "या ना बाई, बसा."

बाई बसल्या नाहीत. "पाच ते सहा वर्षांचं मूल न आवडणाऱ्या कामात किती वेळ लक्ष देऊ शकतं?"

ती गोंधळली, पण उत्तर मात्र घडाघडा आलं. "साधारण दहा ते पंधरा मिनिटं, बाई."

"घाबरलं की लघवीवरचा ताबा सुटू शकतो का?"

"सुटू शकतो."

"म्हणजे विसरली नाहीस. विसरली असतीस तर मी माफ केलं असतं! सगळं ठाऊक असून तू तिला फडकं दिलंस?"

"बाई, ते पुस्तकात ठीक आहे," मुख्याध्यापिकेचा चेहरा आता लाल झाला होता. "एकीला सोडलं की दहा जणी उठतात. एका वर्गात साठ मुलं आहेत. पालकांना निकाल हवा, संस्थेला निकाल हवा. तुम्ही कधी साठ मुलं सांभाळली आहेत? एक दिवस तरी?"

बाहेर कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "एक दिवसही नाही."

हे मला माहीत नव्हतं. बाई शिकून थेट विद्यालयात लागल्या होत्या. स्वतःचं मूल नव्हतं, पहिलीच्या वर्गात कधी खडू हातात धरलेला नव्हता. परत येताना त्या एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याशी नव्हे. "पैकीच्या पैकी दिले मी. पोपटाला."

ती मुलगी पुढचे तीन दिवस शाळेत आलीच नाही. चौथ्या दिवशी बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर, दाराशी शिवणयंत्र. आई कपडे शिवून घर चालवायची. आम्ही शाळेकडून आलो म्हटल्यावर ती बिचारी ओशाळली. "मीपण दोन ठेवून दिल्या हो तिला. एवढी घोडी झाली आणि…"

"पोट बिघडलंय का तिचं?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. पाणीच पीत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत घोट नाही. म्हणते, प्यायलं की शू लागते."

बाईंच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसली. पण त्या ओरडल्या नाहीत. साडी सावरून सरळ जमिनीवर बसल्या. मुलगी शिवणयंत्राखाली होती. कापडाच्या चिंध्यांचे ढीग करत होती. आधी रंगांचे ढीग झाले. मग तिने प्रत्येक ढिगातल्या चिंध्या लहानापासून मोठीपर्यंत ओळीने लावल्या. एक चिंधी निळीही होती आणि पिवळीही. ती तिने बराच वेळ हातात धरून ठेवली, मग दोन ढिगांच्या मधोमध ठेवली.

"हे तिला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवतंय? कामात नुसती लुडबुड."

वर्गीकरण आणि क्रम लावणं या विषयावर बाईंनी आम्हाला दोन तास व्याख्यान दिलं होतं. मी फळ्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. ती आकृतीच इथे यंत्राखाली बसलेली होती, आणि तिला आम्ही अपरिपक्व ठरवलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

मुलीला त्या आईने दुसऱ्या शाळेत घातलं. बरं केलं. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

बाईंनी मात्र दुसऱ्या सोमवारी प्राचार्यांना अर्ज दिला: रोज सकाळचे दोन तास पहिलीचा वर्ग मी घेणार. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, या वयात? आणि तुमचे तास?" बाई म्हणाल्या, "माझे तास मी दुपारी घेईन. अर्ज नामंजूर करायचा असेल तर कारण लेखी द्या." लेखी द्यायला कोण धजतंय!

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत त्यांचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी त्या एका मुलावर इतक्या जोरात खेकसल्या की तो बाकाखाली शिरला. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या, भिंतीला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "लिही. वहीत लिही. शिक्षिकेत स्वयंनियंत्रणाचा अभाव." ती थट्टा नव्हती. मी लिहिलं.

पण त्या टिकल्या. पूर्ण सत्र टिकल्या. दर बारा मिनिटांनी काम बदलायचं, मुलांना उठू द्यायचं, आणि दार उघडं. ज्याला जायचंय त्याने जावं, विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग नुसताच ये-जा करत होता. मुख्याध्यापिका खिडकीतून बघून मान हलवायची. तिसऱ्या आठवड्यात ये-जा थांबली. मागितल्याशिवाय मिळतंय म्हटल्यावर त्यातली मजाच गेली. सत्र संपताना मुख्याध्यापिकेने तो नियम साऱ्या शाळेला लागू केला. बाईंशी एक अक्षर न बोलता, नुसती सूचना फिरवली.

दुपारी आमच्या वर्गात बाईंनी जुन्या टिपणांचा गठ्ठा रद्दीत टाकला. आम्हाला जोडीजोडीने बाहेर पाठवलं: कुणी बाळंतिणीच्या घरी, कुणी पाळणाघरात, कुणी चौथीच्या वर्गात. महिनाभर एकाच मुलाकडे बघायचं आणि त्याने काय केलं तेवढंच लिहायचं. विशेषण लिहिलं की पान फाडायच्या. माझी अकरा पानं फाडली. दोन महिन्यांचं बाळ आईचा चेहरा जवळ आला की पाय झाडायचं थांबवतं, एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

वार्षिक परीक्षेत आमचा निकाल कोसळला. प्रश्न होते 'टप्पे सांगा', 'वैशिष्ट्ये लिहा', आणि आम्ही घोकलंच नव्हतं. संस्थेने बाईंकडून बालविकास काढून घेतला आणि त्यांना शिवण-भरतकामाचे तास दिले. त्या संचालकांच्या बैठकीत गेल्या. मी बाहेर बाकावर बसले होते, दार बंद असूनही सगळं ऐकू येत होतं. "मूल बघायला पाठवलं म्हणून मी नापास? मग पास कोण? फडकं देणारी?" सेवानिवृत्तीपर्यंतची सात वर्षं त्यांनी टाके शिकवले. आणि टाक्यागणिक चिडत राहिल्या. त्यांचं मन मोठं झालं, त्या निवळल्या, असं काही घडलं नाही. घडायलाही नको होतं.

मी आता चौथीला शिकवते. गेल्या महिन्यात एका मुलीवर भर वर्गात शेजारणीचं बघून लिहिल्याचा आरोप केला. घरी येऊन दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, तर चूक माझी होती. मी बाईंना फोन लावला. त्यांनी सत्तरी ओलांडलीये, भावाकडे असतात. मी सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगतेस?" त्या कडाडल्या. "मी नऊ वर्षांची आहे का? जिला सांगायचं तिला सांग!" आणि फोन आपटला.

सकाळी मी त्या मुलीला व्हरांड्यात बोलावलं आणि चूक झाली म्हणून सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

"हो."

"मग सॉरीपण सगळ्यांसमोर म्हणा."

नऊ वर्षांच्या मुलाला न्याय कसा कळतो, यावर मला पूर्वी दहा गुणांचा प्रश्न आला होता. मी वर्गात गेले, फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले. कान तापले होते. ती आपल्या जागेवर ताठ बसून ऐकत होती, शेवटच्या शब्दापर्यंत.