चालू आणि चालतंय

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. त्याआधी वीस वर्षं ती खालच्या मजल्यावर चकत्या धुवायची, नखशिखांत पांढरा पोशाख, उघडे फक्त डोळे. चकती म्हणजे सिलिकॉनची ताटाएवढी पातळ, आरशासारखी तबकडी. एकेका चकतीवर शेकडो चिप्स कोरलेल्या असतात आणि धुताना काठाला एक थेंब चिकटून राहिला, तरी त्याखालच्या चिप्स वाया जातात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिला वर आकडेविभागात बसवलं. शंभरातल्या किती चिप्स चांगल्या निघाल्या त्याला तिथे उतारा म्हणत, आणि उतारा का घसरला ते संगणकाकडून काढून घ्यायचं हे तिचं काम. संगणकाला ती कधी बिचकली नाही. विचारलं तेवढंच सांगतो, माझ्या नवऱ्यासारखाच आहे, असं ती म्हणायची.

त्या वर्षी उतारा ब्याण्णववरून त्र्याऐंशीवर आला. वरून फोनावर फोन सुरू झाले, आणि फोन आले की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडावंच लागतं. आकडेविभागाच्या साहेबांनी तीन महिन्यांची सगळी माहिती संगणकात घातली, दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं आणि चाळीस पानांचा अहवाल घेऊन बाहेर आले. बिघडलेल्या दहा चकत्यांपैकी सात एकाच कामगाराच्या हाताखालून गेल्या होत्या. क्रमांक चौदा. हाताळणीतला दोष, चौदा यांना धुलाईवरून काढून पॅकिंगला द्यावे, असं शेवटच्या पानावर ठळक छापलं होतं.

चौदा म्हणजे मोजणीबाईची थोरली जाऊ. सव्वीस वर्षं धुलाईवर काढलेली. चकती चिमट्यात कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, हे मोजणीबाईला तिनेच शिकवलं होतं. सगळ्यात खोडकर मशीन तीन नंबरचं, म्हणून ते कायम तिच्याच गळ्यात. दुसऱ्या कुणाला ते जुमानायचंच नाही. साहेबांच्या चाळीस पानांत ही गोष्ट कुठेही नव्हती, कारण ती विचारायला साहेब जिना उतरले नव्हते.

संध्याकाळी दोघी जावा स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या. थोरली शांतपणे शेंगांच्या शिरा काढत होती आणि त्या शांतपणानेच धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊबाई, तुम्ही काहीच बोलणार नाही का?"

"काय बोलू? खोकी बांधायची तर खोकी बांधीन." थोरलीने एक शेंग उगाच दोनदा मोडली. "माझ्या हातून थेंब राहिला म्हणतात. माझ्या हातून. दोन महिने रोज लिहितेय मी शेऱ्यात, तीन नंबर चालतंय, चालतंय म्हणून. वाचतं कोण?"

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. वाचलं कुणीच नव्हतं. वाचायच्या आधीच तो शब्द पुसला जात होता, आणि ती सोय तिनेच केली होती.

चकत्यांचं एकेक खोकं धुऊन झालं की मशीन कसं चाललंय याचा धुलाईवाल्या बायका एका शब्दाचा शेरा लिहीत. आकडेविभागात आल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबांनी मोजणीबाईला सांगितलं होतं, एका अर्थाचे शब्द एक करा, संगणकाला पसारा चालत नाही. तिने 'चालू'खाली चालु, चालुये, चाललंय असं सगळं गोळा केलं आणि त्यातच 'चालतंय'ही टाकलं. तेव्हापासून ते आपोआप होत होतं. वीस वर्षं खाली राबलेल्या बाईने हे करावं. कसं काय म्हटल्यावर एखादा 'चालतंय' म्हणाला, तर त्याचं बरं चाललेलं नाही हे शेजारीपाजारीही ओळखतात. मशीन चालू असतं तेव्हा ते चालू असतं, आणि चालतंय म्हणजे रडतखडत, ढकलत चालतंय. वरच्या मजल्यावरची थंड हवा आपल्याला इतक्या लवकर बाधली, याची तिला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मूळ शेरे बाहेर काढले आणि दोन्ही शब्द वेगळे केले. अकरा वाजता ती एकच कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"तीन नंबरवर ज्या दिवशी चालू लिहिलंय, त्या दिवशी उतारा ब्याण्णव. चालतंय लिहिलंय, त्या दिवशी एकोणऐंशी. बाई तीच, हात तेच. मध्ये चौदा नंबर आठवडाभर रजेवर होती, तेव्हा दुसरीनेही चालतंयच लिहिलं आणि उतारा चौऱ्याहत्तर. तीन नंबरचा पंप उघडा."

साहेब हसले. "बाई, एका शब्दावरून पंप उघडायचा? सेन्सर हिरवा दाखवतोय."

"सेन्सर मिनिटाची सरासरी दाखवतो. पंप मध्येच दम खातो आणि पाणी काठाला राहतं. ते बाईच्या कानाला कळतं."

"हे शब्द तुम्हीच एक केले होते ना?"

"हो. चूक माझी, ती लिहूनच आणलीय. खाली सही आहे."

"मग तुम्हालाही परत खाली पाठवावं लागेल."

"पाठवा. गुडघे माझे आहेत, ते मी बघीन. पण चूक माझी आणि शिक्षा तिला, हे मी होऊ देणार नाही. पंप उघडत नाही, तोवर मी या खुर्चीवरून उठत नाही."

आणि ती खरंच बसली. जेवणाची सुट्टी झाली, साहेबांचा चहा आला, कपावर साय धरली. बाई ढिम्म. दीड वाजता वैतागून साहेबांनी मेकॅनिकला फोन केला. अडीचला मेकॅनिक पंपातला रबरी पडदा घेऊन वर आला. त्याला बोटभर चीर होती.

साहेबांनी तो पडदा उलटसुलट करून पाहिला. "ठीक आहे. पंप बदलू. चौदा उद्यापासून धुलाईवर. मिटलं?"

"पंप बदलाल, तशी अहवालातली ओळही बदला."

"अहो, तो अहवाल आता कोण वाचणार आहे?"

"शेराही कोण वाचणार आहे, असंच वाटलं होतं आपल्याला." तिने चाळीसावं पान उघडून साहेबांपुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढलं. "तुमच्या हाताने, साहेब."

त्यांनी ओळ खोडली. बाजूला आद्याक्षरंही टाकली, कारण ती पान सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवा पंप बसला. थोरली पोशाख चढवून तीन नंबरपुढे उभी राहिली, बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली आणि शेऱ्यात दोन महिन्यांनी पहिल्यांदा 'चालू' लिहिलं. वर मोजणीबाईच्या संगणकाच्या पडद्यावर तो शब्द उमटला. तिने तो हात न लावता तसाच राहू दिला.