विषय नाही, संदर्भ नाही

आठल्येकाकांची आणि माझी ओळख पत्राने झाली. बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आले आणि बागबाजारात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. चौथ्याच दिवशी दाराच्या फटीतून एक कागद आत सरकला. 'विषय : आपल्या बाल्कनीतून गळणारे पाणी. संदर्भ : आपली कालची ओली साडी. योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.' मी माफी मागायला धावत खाली गेले, तर काका दारातच उभे.

"अगं, तोंडी कशाला? पोच लिहून दे, आणि पोहे खाऊन जा."

कोलकात्याजवळच्या बजबजच्या तेलडेपोत त्यांनी जन्मभर फायली सांभाळल्या होत्या. निवृत्तीनंतर फायली सुटल्या, भाषा काही सुटली नाही. "मराठ्यांच्या भीतीने इथे खंदक खणला होता," ते पाहुण्यांना सांगत, "तो बुजला, आणि आम्ही रीतसर भाडेकरार करून आत आलो." काकू गेल्या होत्या, मुलगा परदेशात होता. काका कथा लिहीत. त्यांच्या कथेतला नायक नायिकेला मागणी घाले, आणि नायिका ती विचाराधीन ठेवी.

त्यांना एकच गोष्ट हवी होती : डोंगरातल्या उन्हाळी लेखक शिबिरासाठी निवड. तिथे दहा दिवस नाना भाषांचे लेखक झाडाखाली बसून एकमेकांचं ऐकत. चार वर्षं काकांनी अर्ज केला, चार वर्षं नकार आला. नकाराची पत्रं त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. "वेळेत कळवतात. शिस्तीची माणसं आहेत," असं वर कौतुक. मग चष्मा पुसत म्हणत, "एकदा कुणीतरी परक्याने म्हणावं गं, की हा आठल्ये लेखक आहे. आपल्या मराठी मंडळातले लोक काय, श्रीखंड खाल्लं की कुणालाही लेखक म्हणतात."

पाचव्या वर्षी अर्ज ऑनलाइन झाला आणि काका कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. गठ्ठ्यात चारित्र्याचा दाखलाही होता.

"काका, लेखकाला हा कुणी मागत नाही. असला तर उलट शंका घेतील."

"मागितला नसला तरी जोडलेला बरा."

अर्जही काही कमी नव्हता. 'तुमचा आतला आवाज एका शब्दात सांगा.' काकांनी सांगितलं, "लिही, मध्यम." पुढचा प्रश्न होता, 'तुम्ही का लिहिता?' तो वाचून ते गंभीर झाले. "ही कारणे दाखवा नोटीस आहे," म्हणाले आणि उत्तर तयार करून आणलं. 'मुद्दा एक : सदर लेखन कार्यालयीन वेळेत केलेले नाही. मुद्दा दोन : त्यासाठी कार्यालयाचा कागद वापरलेला नाही. मुद्दा तीन : अर्जदार लेखन करतो हे मान्य, मात्र त्यामागे कोणताही हेतू नव्हता.'

मी पोट धरून हसले. मग म्हटलं, "काका, मला तोंडी सांगा. खरंच का लिहिता?"

ते खिडकीकडे वळले. "ही होती तोवर घरात मराठी होती. ती गेली आणि बाहेर बंगाली, बाजारात हिंदी, नातू फोनवर इंग्रजीत विचारतो, कसे आहात. तू यायच्या आधी चार-चार दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे गं. मग कागदाशी बोलायचो." आणि लगेच सावरून म्हणाले, "हे खाजगी आहे. फायलीवर येता कामा नये."

मी मान डोलावली, आणि अर्जात नेमकं तेच लिहून पाठवलं.

काकांची निवड झाली. कळवणाऱ्यांनी त्या चार ओळींचीच तारीफ केली होती, तेव्हा कबुली देणं भाग होतं. काका आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "मंजूर नसलेला मसुदा परस्पर पाठवलास? नोकरीत असतीस तर निलंबित केलं असतं." दार बंद झालं. तीन दिवस पोहे नाहीत, कागद नाही. मला स्वतःची लाज वाटली. त्यांचं दुःख मी त्यांना न विचारता चार परक्यांपुढे ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी कागद सरकला. 'विषय : अनधिकृत मजकूर. सदर मजकूर अर्जदाराचाच आहे. कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. ता. क. लोकरी टोपी घ्यायची आहे, एस्प्लनेडला सोबत येशील का?'

भर मे महिन्यात एस्प्लनेडला लोकरी टोपी शोधणारे आम्ही दोघंच होतो. दुकानदाराने आमच्याकडे काळजीने पाहिलं.

पुढे माझी बदली झाली, आणि वर्षभरात काका गेले. त्यांचं शिबिरातून आलेलं पत्र माझ्याजवळ आहे. त्यावर विषय नाही, संदर्भ नाही. एकदम सुरुवातच आहे : 'मेधा, इथे सगळे एकमेकांच्या लेखनाला धाडसी म्हणतात. मलाही म्हणाले, तेव्हा मी कथा अजून वाचायचा होतो. पण स्वयंपाकघरात अमरावतीकडचा एक आचारी सापडला आहे. दुपारी मी त्याला कथा वाचून दाखवतो, मराठीत. काल त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कांदे चिरत होता, तेव्हा कारण निश्चित सांगता येत नाही. पण कांदे संपले तरी तो उठला नाही गं.'